नाजियाच्या तीन कड्या

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या हवाई क्रीडा केंद्राचे प्रमुख संघपालभाऊ, मंचावरच्या पाहुण्या दीपिकाबाई, वरून उडी मारणारे आणि खालून मान वर करून पाहणारे सगळे भाऊ-बाई, आणि सत्कारमूर्ती डिंपल मारबते, तुम्हा सर्वांना या सुलतानाचा आदाब आणि नमस्कार.

मले दोन गोड शब्द बोलाले सांगितलं आहे. पण निरोपाच्या दिवशी खोटं कशाला बोलू? म्हणून आधीच सांगून टाकते, मी या पोरीवर जळते. हसू नका संघपालभाऊ, खरंच जळते.

डिंपल मुलचेऱ्याकडची, घरी तलावाची मासेमारी. इथी आली तेव्हा पॅराशूटची पिशवीसुद्धा उलटी धरायची. तिले शिकवलं कोणी? मीच. वरची मुख्य छत्री बिघडली तर आधी ती सोडून द्यावी लागते, मग राखीव उघडते. ते सोडणं सगळं खांद्यावरच्या तीन कड्यांवर. कड्यांले धरते एक धाग्याचा फासा, आणि फाशात असते पिवळी केबल. हँडल ओढलं की केबल सरकते, फासा सुटते, कड्या मोकळ्या. सांगाले सोपं आहे हो! पण आपल्या चंद्रपूरच्या हवेत कोळशाची धूळ. ती केबलवर बसते. म्हणून केबल पुसा, तेल नावापुरतंच लावा, जास्त लावलं तर धूळ आणखी चिकटते. कड्या ज्यांवर बसतात ते पट्टे हातानं वाकवून मऊ करा. फाशाचा एक धागा उसवला तरी फासा बदला. हे सगळं माझं शिकवलेलं. आणि आता उडी मारणारे काय म्हणतात? "डिंपलच्या हाताचं पाहिजे." वा रे वा!

त्यात आपल्या इथला नियम. घरच्याच्या कड्यांले घरच्यानं हात लावायचा नाई. आपल्या माणसाचं काम करताना हात हळवा तरी होते, नाई तर वहमी, उगाच शंका घेणारा. हा नियम मीच लावला. मग माझी लेक नाजिया उड्या माराले लागली, आणि तिच्या कड्या गेल्या डिंपलच्या टेबलावर. मी समोर बसून नुसती पाहायची. एकदा राहवलं नाही. म्हटलं, "आण इकडं, मी एकदा बघते."

तर ही म्हणते, "नाई बाई. नियम तुमचाच आहे."

माझाच नियम माझ्याच तोंडावर! अशी चीड आली म्हणून सांगू.

गेल्या महिन्यात काय झालं ते तुम्ही सर्वांनी पाहिलं. नाजियाच्या छत्रीच्या दोऱ्यांले पीळ पडला, ती गरगर फिराले लागली. मी खाली मैदानात उभी. तिनं हँडल ओढलं. छत्री कुठंही न अडकता सुटली, राखीव उघडली, पोरगी धानाच्या बांधीत उतरली. चिखलानं भरलेली धावत आली. मी हात पसरले. ती माझ्या बाजूनं पुढं गेली आणि डिंपलच्या गळ्यात पडली.

सांगा दीपिकाबाई, आईनं काय करायचं? मी आधी अल्लाचा शुक्राना अदा केला, मग घरी जाऊन भांडी आपटली. लेक वाचली, पण वाचवणारा हात माझा नव्हता.

आता डिंपल मोठ्या केंद्रात चालली, तिथला छत्र्या-कड्या तपासायचा विभागच सांभाळाले. त्या जागेसाठी माझाही अर्ज होता, तो विषय सोडा. मनात म्हटलं, चला सुलताना, तुझं जळणं संपलं. तर काल नाजिया म्हणते, "अम्मी, मी बी तिकडंच जाऊन राह्यली. मले दुसऱ्या कोणाच्या भरवशावर उडी माराची नाई."

ऐका! नाव नेलं, जागा नेली, आता पोरगीही नेते.

मी "जा" म्हटलं. काऊन म्हटलं? दुसऱ्या कोणाच्या भरवशावर तिले सोडाची माझीही हिंमत नाई.

असो. मले इतका वेळ बोलू दिलंत, सर्वांची आभारी आहे. डिंपल, सुखात राहा. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं माफ करावं. पण डिंपल, तुझ्या हातून कमी-जास्त झालं, तर मी माफ करणार नाई.