चौदा घरांचं एक कुलूप

दिनांक २४/०३/२०२५, सोलापूर

माझं नाव धोंडीराम हरिबा व्हनमाने, वय ६३, धंदा काही नाही. आधी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर, चौतीस वर्षं. राहणार घर नं. ७, विजापूर रोडजवळची चौदा घरांची सोसायटी, सोलापूर. ठाण्यात बोलावल्यावरून आलो आणि विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी विजयमाला हिच्यासोबत राहतो. शेजारी घर नं. ८ मध्ये माझा सख्खा धाकटा भाऊ सिद्धराम, वय ५७, आणि त्याची बायको हेमावती राहतात. सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे, दिवसभर टॉवेलातले दोष काढतो. मी त्याच्या घरात चोरीच्या इराद्यानं घुसलो अशी तक्रार त्यानं दिली आहे. घुसलो हे खरं आहे. इरादा नव्हता.

आमचं नऊ वर्षांपासून बोलणं नाही. आई वारल्यावर तिचं दगडी उखळ सिद्धरामनं मला न विचारता उचलून नेलं. आमची शेंगाची चटणी तेव्हापासून मिक्सरमधे होते. मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही, नुसता भुगा होतो. हे जबाबात कशाला, असं जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडम म्हणाल्या. पुढं लागणार आहे म्हणून सांगितलं.

गेल्या नोव्हेंबरात घर नं. ११ मधून गॅसची टाकी चोरीला गेली. तेव्हा चेअरमन शिवलिंगप्पा यांनी सगळ्या घरांना एकसारखी चांगली कुलपं घ्यायचं ठरवलं. लोखंडातलं मला कळतं म्हणून काम माझ्याकडं आलं. मी चौदा कुलपं आणली. खोक्यावर ‘किल्ली दुसऱ्या कशाला लागणार नाही’ असं छापलं होतं आणि आत ‘तपासले, पास’ अशी चिठ्ठी होती. मी कुणाच्या चिठ्ठीवर विसंबणारा माणूस नाही. प्रत्येक कुलपाला तीन किल्ल्या, अशा बेचाळीस किल्ल्या मी प्रत्येकी तीन वेळा फिरवून बघितल्या, म्हणजे एकशे सव्वीस वेळा. कुठं अडकलं नाही. मग प्रत्येक कुलपावर पांढऱ्या ऑइलपेंटनं बरोबरची खूण केली. वर्कशॉपात माझी खूण असलेला जॉब परत आलेला नाही.

दिनांक १८/०३/२०२५, मंगळवार रोजी मी डोळे तपासायला गेलो होतो. डॉक्टरनं थेंब घातल्यामुळं सगळं भुरकट दिसत होतं. साधारण दीड वाजता रिक्षानं सोडलं. सोसायटीनं सगळी दारं नुकतीच एकाच रंगानं रंगवली आहेत, नंबर अजून टाकलेले नाहीत. विजयमाला बचत गटाच्या मीटिंगला जाणार होती, त्यामुळं दाराला कुलूप बघून मला नवल वाटलं नाही. किल्ली घातली, कुलूप उघडलं. किल्लीनं कुलूप उघडल्यावर घर आपलंच, असं कुणीही समजेल.

आत टोपलीत भाकरी आणि वाटीत शेंगाची चटणी होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. चटणी आईच्या हातची असावी तशी होती. मला राहवलं नाही, मी मोठ्यानं म्हणालो, “आज जमली बघ चटणी! लगीन झाल्यापासनं पयल्यांदा!” मीटिंग रद्द झाल्यामुळं विजयमाला घरीच होती, म्हणजे भिंतीच्या पलीकडं. भिंत साडेचार इंची आहे. तिकडून तिचा आवाज आला, “व्हय का? मग तितंच जेवा की रोज!” ती मागं न्हाणीत असेल असं समजून मी खाटेवर आडवा झालो. समोर भिंतीवर आईचा फोटो होता. आमच्याकडंही आहे. याला मात्र त्या दिवशीचा ताजा हार होता, हे मला भुरकट दिसत असूनही दिसलं. विजयमालानं घातला असेल असं वाटलं. मला बरं वाटलं आणि झोप लागली.

अडीच वाजता सिद्धरामनं आरडाओरड करून मला उठवलं. नऊ वर्षांनी भाऊ माझ्याशी बोलला तो पहिला शब्द ‘चोर’ हा होता. मी म्हणालो, “कुलूप तपासल्यालं हाय. तुझंच उघडं राहिलं आसंल.” तो म्हणाला, “मी उघडं ठेवीन व्हय? दोष काढायची नोकरी हाय माजी!”

लोक जमले. माझी खूण खोटी ठरू नये म्हणून मीच माझी किल्ली घर नं. ९ ला लावून दाखवली. ते उघडलं. शिवलिंगप्पांनी त्यांची किल्ली घर नं. २ ला लावली. तेही उघडलं. “अय्यय्यो,” असं ते म्हणाले. त्यानंतर पाच वाजेपर्यंत चौदाही घरांतले लोक एकमेकांची दारं उघडत होते. घर नं. ५ चे आजोबा चार महिने दुपारी घर नं. ३ मधे झोपत होते असं निष्पन्न झालं. इथला पंखा सुधारलाय असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. मालक म्हणाले, “काका, कुलूप उघडतंय न्हवं? मग तक्रार कशाची?” कारखान्यानं प्रत्येक किल्ली तिच्याच कुलपाला लावून पास केली होती. मीही तेच केलं होतं. एकाची किल्ली दुसऱ्याला लावून बघायचं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीची मला लाज वाटली. शेवटी शिवलिंगप्पांनी सगळ्यांना घेऊन दुकानात ठिय्या दिला, तेव्हा नवी कुलपं मिळाली, जुनी पुराव्यासाठी आमच्याकडंच ठेवली. नवी कुलपं सिद्धरामनं तपासली.

तेरा घरांची जुनी कुलपं मी आज ठाण्यात जमा केली आहेत. घर नं. ८ चं जमा नाही. त्याबाबत बाहेर बाकावर बसलेल्या सिद्धरामला मॅडमनी विचारलं. तो म्हणाला, “माजं कुलूप चांगलं चालतंय. माजी तक्रार न्हाय.” मग लिहून दिलेल्या तक्रारीचं काय, असं विचारल्यावर तो बाकाचे खिळे तपासायला लागला.

माझ्या कुलपाच्या तीन किल्ल्यांपैकी दोन जमा केल्या आहेत. तिसरी माझ्या खिशात आहे. ती मी देणार नाही. बाकी सगळीकडं नवी कुलपं लागली आहेत, त्यामुळं त्या किल्लीनं आता एकच दार उघडतं.

मॅडमनी जबाब मला वाचून दाखवला. चटणीचा भाग बाहेर ऐकू जाईल असा वाचावा, अशी मी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. किल्लीचं वाक्य खोडायचं का असं विचारलं असता, राहू द्या असं सांगितलं. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणं बरोबर आहे.

सही/-
धोंडीराम हरिबा व्हनमाने