बायकोवाल्या पाद्र्याचं पाणी

नावेसाठी रांग लागली होती. पाद्र्याची बायको रिशिल्ड शाल तोंडावर ओढून उभी होती. तिच्या मागे दोघी बोलत होत्या.

"नवा साधू म्हणतो, बायको करणाऱ्या पाद्र्याचा हात सैतानाचा. त्यानं दिलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसतं पाणी."

"ऐकलं मी."

"मग आपल्या पाद्र्यानं लावलेलं माझं लग्नही खोटंच की. आमच्या ह्यांना सांगितलं, तर खूश झाले मेले."

"तुला हसू सुचतंय, ओडा. माझ्या थिबोला त्याच पाद्र्यानं पाणी दिलं होतं."

"अगं, लेकराला जाऊन तीन वर्षं झाली."

"ईस्टरला जग बुडणार. सगळे कबरीतून उठतील, आणि माझ्या थिबोला तेवढा सैतान नेईल."

"मग?"

"पलीकडे मठात जाऊन साधूकडून पुन्हा बाप्तिस्मा करून घेते."

"मेलेल्या पोराचा? साधू कबरीपाशी येईल होय इतक्या लांब?"

"त्याला कशाला यायला लावू? नाव लागली बघ. टोपली जरा धर, मी आधी चढते."

टोपलीच्या कडेला चिकटलेली ओली माती पाहून ओडानं दोन्ही हात मागे घेतले.

रिशिल्ड वळली. थिबोच्या बाप्तिस्म्याला पाण्याचं भांडं तिनंच धरलं होतं.

"तुम्ही धरता का हो, बाई?" थिबोच्या आईनं टोपली तिच्यापुढे केली. "जड नाहीये."