पखवाजवाल्याने लावलेलं चाक

माझी गिअरची जुनी सायकल आठवते ना, शाळेत असताना काजूच्या बिया गोळा करून, विकून घेतलेली? खाऱ्या वाऱ्याने पार गंजली होती. यंदा हट्टाला पेटलो. चेन, ब्रेक, गिअर नवीन मागवले आणि मीच बसवले. पुढच्या चाकाला रिम आणि स्पोकही नवे घातले, आणि तिथेच अडलो. चाक फिरवलं की डुलायचं, ब्रेकला घासायचं. तीन दिवस स्पोक आवळतोय, सैल करतोय, पण चाक आपलं आणखीच वाकडं. शेवटी म्हटलं, जाऊ दे भंगारात!

शेजारचे आबाकाका भजनात पखवाज वाजवतात. ते उठून आले.

"सरक रे. तीन दिस कानाक तरास होता."

खाली बसले, डोळे मिटले आणि बोटाने एकेक स्पोक छेडायला लागले.

"ह्यो उतरलो आसा, आवळ. ह्यो चढलो, जरा सोड."

"आबाकाका, चाकाकडे बघा तरी!"

"तीन दिस बघान तू काय केलंस? आयक."

ते सांगतील तसा मी पाना फिरवत राहिलो. अर्ध्या तासाने सगळे स्पोक एका सुरात वाजायला लागले. चाक फिरवलं. रिम आणि ब्रेकच्या रबरात नखभरसुद्धा जागा नव्हती, पण कुठेही घासलं नाही.

"आबाकाका, आजवर किती सायकली दुरुस्त केल्यात तुम्ही?"

"सायकल?" ते हात पुसत म्हणाले, "माका चालवूक पण येणा नाय."