फळ्यावरची आई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अध्यापक विद्यालयाचे आदरणीय प्राचार्य, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, गुरुजनहो, आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्या निवृत्तीच्या निमित्ताने हे सभागृह आज भरलं आहे, त्या आमच्या लेखनाच्या बाई,

अध्यक्षमहाशयांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जिना चढताना बाई हळूच म्हणाल्या, "तीन पुरेत." आता मी कुणाचं ऐकायचं?

बावीस वर्षांपूर्वी मी इथे शिकायला आले. शाळेत निबंधाचा पहिला नंबर मी कधी सोडला नव्हता. तेव्हा मला लिहिता येतं, म्हणजे लिहायला शिकवताही येणारच, अशी माझी खात्री! सरावपाठासाठी शेजारच्या शाळेतली पाचवी मिळाली. विषय दिला 'माझी आई'. फळ्यावर मुद्देही दिले. आई पहाटे उठते, आई मायेचा सागर आहे, आई झोपताना गोष्टी सांगते. मुलांनी मुकाट्याने लिहिलं. मी खूश. मागच्या बाकावर बाई निरीक्षणाला बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी सगळ्या वह्या चाळल्या.

"अडतीस मुलं," त्या म्हणाल्या, "आणि आई एकच?"

माझा चेहरा पडला. "आधी तू लिही," बाई म्हणाल्या. "तुझी आई. उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी मी चार पानं घेऊन हजर. सागर होता, चंदन होतं, काही म्हणून कमी नव्हतं. बाईंनी शांतपणे वाचून विचारलं, "अगं, पण तुझी आई करते काय?"

आज मोकळेपणाने सांगते. माझी आई लाँड्रीत इस्त्री करायची. प्रवेशअर्जावर आईच्या कामाच्या रकान्यात मी नुसतं 'व्यवसाय' असं लिहिलं होतं आणि मैत्रिणींना तर थांगपत्ता लागू दिला नव्हता. बाईंना खाली मान घालून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग ती यात कुठेय?"

पुन्हा लिहायला बसले. तिच्या मनगटावरचे चटक्यांचे डाग, सुजलेली पावलं, आणि "मी बसले तर गिऱ्हाईक उभं राहील" हे तिचं नेहमीचं वाक्य. दीड पान झालं, आणि त्याला आठ दिवस लागले.

ते दीड पान मी खाडाखोडीसकट पाचवीला वाचून दाखवलं. म्हटलं, "आता तुम्ही लिहा. आज फळ्यावर काही नाही." दुसऱ्या रांगेतली एक मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली.

"बाई, मला आई नाहीये. मागच्या वेळी मी फळ्यावरची आई लिहिली. आज आत्याचं लिहू?"

शिक्षक मंडळी, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी कसंबसं "लिही" म्हणाले आणि वर्गाकडे पाठ करून कोरा फळा पुसत राहिले. त्या पोरीने लिहिलं होतं, 'आत्या चिडली की मोठ्याने पाढे म्हणते. एकोणतीसच्या पाढ्याला ती हसते.' असं वाक्य मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं.

एक धास्ती उरली होती. आईला हे सांगायचं कसं? त्या संध्याकाळी तिला सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "कॉलर आधी करते, एवढंच लिहिलंयस. कॉलर आधी उलट्या बाजूनं करतात, मग सुलट. लोक म्हणतील, हिला काम येत नाही!"

मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी आई तो कागद लाँड्रीत घेऊन गेली आणि मालकांकडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतला. मी जे इतकी वर्षं लपवलं, ते ती दिवसभर मिरवत होती.

बाई, सोमवारपासून तुमचा तास प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवला आहे. भीती वाटते, पण खरं सांगू? छाती अभिमानाने फुलून आली आहे. तुमची विद्यार्थिनी म्हणवून घेते, याहून मोठी पदवी माझ्याकडे नाही.

प्राचार्यांचे, पाहुण्यांचे आणि मला सहन करणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे पाल्हाळ झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. आणि चूक मोजायचीच झाली, तर ती माझ्या नावावर मोजा. बाईंनी शिकवण्यात काही कमी ठेवलेलं नाही.