तग शेवटी

वेंडेल : आणि फासे कुठायत? हा नूडल्सचा रिकामा कप काय देताय हातात?

लाइल : फासे म्हणजे जुगार. दिसले की शिपाई उचलतात, वर महिनाभर फोन बंद. कपात सहा चिठ्ठ्या आहेत, एक ते सहा. काढायची, आकडा सांगायचा, परत टाकायची. तीनदा. तिन्हींची बेरीज म्हणजे खेळातल्या तुझ्या वीराचा एक गुण. असे सहा गुण.

वेंडेल : तीनदाच? मी आणि माझी बहीण डॉटी अ‍ॅक्रनला घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर या खेळातले राक्षस मारायचो ना, तेव्हा चार फासे टाकायचो. सगळ्यात लहान आकडा फेकून द्यायचा. वर तिचं असं, की सहाही बेरजा हव्या तिथे लावायच्या. तिचा मांत्रिक कधी बावळट निघालाच नाही!

लाइल : इथे तीनच. पडेल ते, पडेल तिथे. जन्माला घालताना तुला कुणी विचारलं होतं, अक्कल किती घालू म्हणून?

वेंडेल : विचारलं असतं तर या कोठडीत असतो होय, लाइलबाबा? द्या तो कप. आठ दिवस झाले मला येऊन, आज पहिल्यांदा तुम्ही आपणहून तोंड उघडलंत. मला वाटलं, मुका म्हातारा पदरात पडला.

लाइल : ताकद.

वेंडेल : चार... पाच... चार. तेरा! आणा पेन्सिल.

लाइल : लिहायचं मी. तू फक्त काढायचं. अक्कल.

वेंडेल : दोन, सहा, तीन. अकरा. पोटापुरती आहे. तुमची ती डाव्या हाताची बोटं अशी वाकडी कशानं हो?

लाइल : दारात सापडली. शहाणपण.

वेंडेल : एक. दोन. तीन. हात्तिच्या, सहा! बरोबरच आहे म्हणा. शहाणपण असतं तर कोर्टात बोललो असतो का?

लाइल : काय बोललास?

वेंडेल : तिकडच्या तुरुंगात चौघांनी एकाला मारून टाकला. साबणावरून. मी पाहिलं, आणि पाहिलं ते सांगितलं. म्हणून तर मला इकडे हलवलं. इथे कुणाला पत्ता नाही, निर्धास्त राहा म्हणाले.

लाइल : म्हणाले ना. चपळाई.

वेंडेल : सहा, सहा, चार! सोळा! बघा, पळायला तरी येणार माझ्या गड्याला. आता तग ना?

लाइल : छाप.

वेंडेल : आधी तग असतं. मार खाऊन उभं राहायची ताकद, तीच तर...

लाइल : माझ्याकडे तग शेवटी.

वेंडेल : बरं बाबा, तुमचा खेळ, तुमचे कायदे. छाप. तीन, पाच, एक. नऊ. थोबाड बघून कुणी दाणे टाकणार नाही. ही फाइल कसली? जुने वीर का?

लाइल : ठेव ती खाली.

वेंडेल : बघू तर द्या. कर्ट, ओटिस, रॅमिरो. तुमच्या आधीच्या जोडीदारांचे कागद? अहो, यातला एकही वीर खेळातल्या पहिल्या गुहेच्या पुढे गेलेला नाही! आणि तग तेवढं गोल करून ठेवलंय. ओटिस, तग सात. रॅमिरो, तग नऊ... थांबा. रॅमिरो म्हणजे तो, सगळे बोलतात तो, गेल्या वर्षी धुलाईघरात मेलेला सापडला तो?

लाइल : तोच.

वेंडेल : आणि ओटिस?

लाइल : जिन्यावरून पडला. निदान कागदावर तसं लिहिलंय.

वेंडेल : आणि हा कर्ट? तग चौदा?

लाइल : जिवंत आहे. त्याला दुसरीकडे हलवलं. नाताळला कार्ड पाठवतो. तो गेला, त्याच आठवड्यात माझी बोटं दारात सापडली.

वेंडेल : आपोआप नाही सापडली.

लाइल : नाही. इथल्या टोळीचा दादा डीकन, त्याच्या माणसांनी धरली होती. पुढच्या वेळी मान, म्हणाले.

वेंडेल : लाइलबाबा, आज माझ्याशी खेळायचं का सुचलं तुम्हाला?

लाइल : सकाळी नाश्त्याच्या रांगेत डीकनचा एकजण कानाशी आला. म्हणाला, उद्या दुपारी प्रार्थनेला जा, तासभर कोठडीकडे फिरकू नको. दर वेळी एवढंच सांगतात.

वेंडेल : उद्या दुपारी.

लाइल : दोन वाजता.

वेंडेल : आणि तू मला चिठ्ठ्या काढायला बसवलंस? माणूस आहेस की कोण? रॅमिरोलाही असाच कप दिलास? त्यानंही विचारलं असेल, फासे कुठायत म्हणून!

लाइल : ओरडू नको. भिंतीला कान आहेत. मी सांगितलं तर माझी पाळी, गप्प बसलो तर तुझी. बावीस वर्षं इथे काढलीत मी, अजून चार राहिलीत. नात झालीय, तिला पाहिलं नाही अजून. कुणाचं मोल जास्त हे मी कोण ठरवणार? मग तग काढायला लावतो. दहा किंवा वर आलं, तर सार्जंटला जाऊन मारणाऱ्यांचं नाव सांगायचं. खाली आलं, तर प्रार्थनेला जायचं. मी कुणाला मारत नाही, कुणाला तारत नाही.

वेंडेल : वा! हात झटकून मोकळा! मी स्वतःच हाक मारतो सार्जंटला.

लाइल : मार की. काय सांगशील? भीती वाटते म्हणून? कागद वर जाईल, तो पार मंगळवारी परत येईल. नाव लागतं, वेळ लागते, आणि कुणाच्या तोंडून ऐकलंस तेही लागतं. मी कानावर हात ठेवले की तुझ्या कागदाची रद्दी.

वेंडेल : मग सांग ना त्यांना! तू सांग!

लाइल : कप तुझ्या हातात आहे.

वेंडेल : लाइलबाबा, मी तुमच्या पाया पडतो.

लाइल : पडू नको. काढ.

वेंडेल : चार.

लाइल : परत टाक. काढ.

वेंडेल : तीन. सात झाले. तीन आले की सुटलो ना? तीन किंवा वर?

लाइल : काढ.

वेंडेल : ...एक.

(बाहेर हजेरीची घंटा होते. लोखंडी दारं एकेक करून बंद होत जवळ येतात.)

वेंडेल : आठ. लिहा. गोल करा आणि ठेवा रॅमिरोच्या खाली. फक्त डॉटीला कळवा कुणीतरी, पत्ता उशीखाली आहे. अपघात झाला असं सांगू नका तिला. ती विश्वास ठेवायची नाही, आणि आयुष्यभर विचारत बसेल.

लाइल : तुझी बहीण किती फासे टाकायची म्हणालास?

वेंडेल : आता ते कशाला?

लाइल : किती?

वेंडेल : चार. लहान आकडा फेकून द्यायची.

लाइल : मग काढ चौथी.

वेंडेल : चेष्टा करता का?

लाइल : शिपाई तीन दारांवर आलाय. काढ लवकर.

वेंडेल : काढली. ...दोन. एक टाकून दिला तरी नऊच. रॅमिरोइतके.

लाइल : बघू इकडे.

वेंडेल : बघण्यासारखं काय आहे? दोन आहे तो.

लाइल : पाच आहे.

वेंडेल : अहो, दोन लिहिलंय धडधडीत!

लाइल : या खेळात आकडा मी वाचतो. रॅमिरोचाही मीच वाचला होता, जसा होता तसा. पाच. बारा झाले. आता उभा राहा, शिपाई आला की सार्जंटला बोलवायला सांग. म्हणावं, लाइलला नाव सांगायचंय.

वेंडेल : आणि तुमचं काय?

लाइल : ही पेन्सिल तुझ्याकडे ठेव. मला आता लागायची नाही.