सगळ्यात वरचं नाव

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या एका शिक्षिकेच्या शेजारी बसलेल्या तरुणाचा गाल टम्म सुजला होता. फोन कानाला लावणं जमेना, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला होता. पलीकडे त्याचे वडील होते, आणि सगळा दवाखाना ऐकत होता.

“बाबा, कॉम्प्युटरवरचं लिनक्स अपग्रेड केल्यापासून मशीन तापतंय, म्हणजे तुम्ही नको तिथे हात घातलात.”

“नाही रे. तू सांगितलंस तेवढंच केलं.”

“दर वेळी हेच! टर्मिनल उघडा, त्यात टॉप ही कमांड लिहा, चालू कामांची यादी येईल. यादीत सगळ्यात वर काय दिसतं?”

“थांब, चष्मा लावतो. हं, प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्के.”

“एवढा खातंय कोण? त्याच ओळीत काम लावणाऱ्याचं नाव असेल. तुमचंच असणार.”

“तुझं आहे.”

“नीट वाचा हो!”

“अरे, नाव मीच ठेवलंय तुझं. वाचता येतं मला.”

शिक्षिकेने मासिकात डोकं घातलं.

“ऐकतोयस ना?”

“हो. मागे आलो होतो ना, तेव्हा ऑफिसचं एक जड काम तुमच्या मशीनवर लावलं होतं. काढायचं राहिलं. अपग्रेडनंतर मशीन रीस्टार्ट झालं, तसं तेही पुन्हा सुरू झालं असणार.”

“म्हणजे मी नाही बिघडवलं?”

“नाही, बाबा. बंद कसं करायचं सांगतो, लिहा—”

“नको, नको! तुझं काम अडेल. टेबलफॅन लावून ठेवलाय मी त्याला. मला काय, दारात बसलं की वारा येतो.”

तरुणाने स्पीकर बंद केला आणि फोन उचलून त्या सुजलेल्या गालावरच घट्ट दाबून धरला.