पाटीवरची तिसरी ओळ

हॅलो?… हां, बोल ताई… हो, ऑफिसातच आहे. काम कसलं, खुर्ची गरम करतोय.

कुठे? मिस्त्रींकडे? आत्ता?… कोरून झाली पाटी?… दोन ओळी झाल्या. बरं. तुझ्या बाबांचं नाव… हो… 'सैन्याची बांधकाम तुकडी'… हो, हो… आणि तिसरी?

थांब. तिसरी सुरू करायची नाही. अगं ऐक ना… मिस्त्रींना म्हण, छिन्नी खाली ठेवा. आधी ती ठेवू देत, मग मला शिव्या दे… ठेवली?

नाही गं, अक्षरं ठीक आहेत. सगळं ठीक आहे. फक्त खोटं आहे.

'शत्रूचे दोन रणगाडे उडवताना.' हो, मीच लिहून दिलं… एक सोड, अर्धाही नाही! काकांच्या हातात थापी होती, ताई. थापीनं रणगाडा उडत नाही.

कुणी म्हणजे? त्यांच्या तुकडीतल्या मुकादमांनी सांगितलं. गेल्या वर्षी भेटले होते… हो, वर्षभर गप्प बसलो… हो, नालायक. पुढे?

काका कसे गेले… ताई, बस कुठेतरी… बरं, उभी राहा.

संडास बांधताना.

हॅलो?… आहेस ना?… चेष्टा नाही. या वेळी खरंच नाही. लढाईतल्या जखमींचं इस्पितळ होतं, तंबूतलं. त्याचे संडास. तोफा सुरू झाल्या, सगळे खंदकात. तिथे बसल्याबसल्या काकांच्या लक्षात आलं, चरीला ढाळ उलटा दिलाय. म्हणजे सगळं वाहत जखमींच्याच तंबूत… हो ना! मुकादम म्हणाले, उद्या बघू. तर काका म्हणतात, दोनशे माणसं आज बसणार आहेत, त्यांना उद्या या म्हणून सांगू का?… अगदी. तुझंच तोंड… गेले लेव्हल घेऊन. ढाळ नीट केला. परत येताना गोळा पडला.

नाही, जागच्या जागी. त्रास झाला नाही, असं मुकादम म्हणाले… ते कशाला खोटं बोलतील? ते काय मी आहेत?

रणगाडे ना?… चौथीत. पोरांनी विचारलं, तुझ्या काकांनी काय उडवलं? म्हटलं, एक रणगाडा. सातवीपर्यंत दोन झाले. तिथे आवरलं, नाहीतर आज विमान पडलं असतं.

रडतेयस?… हसतेयस?… एक काहीतरी कर ना.

हो… हो, खरं आहे. लाज वाटली… कुणाची काय, काकांचीच. उद्या सगळ्या गावासमोर पडदा सरकणार आणि खाली तो शब्द. नको वाटलं… हो, तुझे बाबा. माहितेय… नाही, माफ कर म्हणत नाही. म्हटलं तरी करू नकोस.

मी सांगू? मिस्त्रींना?… अगं, तूच सांग ना, तू तिथेच… बरं. बरं, दे.

नमस्कार मिस्त्री. हां, तिसरी ओळ बदलायचीय. लिहा, 'जखमींच्या इस्पितळाचे'… हो… 'संडास बांधताना'… हॅलो? ते शेजारचं दगड कापणं थांबवा ना जरा… संडास… 'शौचालय' शोभून दिसेल? नको, नको… अहो, इथे माणसं बघतायत… संडास! संडास, मिस्त्री, संडास!… हां, तेच. वरच्या दोन ओळींएवढंच मोठं.

माझे कोण?… काका. सख्खे काका माझे.

ठेवतो.